शब्द फोडणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई पांढरीपांडे ऐकायला बसल्या की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली हलायचा. तुम्ही काही सांगता सांगता एखादं वाक्य घाईत गिळलंत, की तो पाय पटकन खाली दाबला जायचा आणि त्या म्हणायच्या, "थांब. शेवटचं परत सांग." पहिल्या भेटीत मला वाटलं, बाईंच्या पायात गोळे येत असतील. पुढे कळलं की ती त्यांच्या नोकरीची सवय होती. डब्लिनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात त्या मेडिकल टायपिस्ट होत्या. डॉक्टरांचं पेशंटला तपासून झालं की जे सांगायचं ते बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे, आणि सुलभाताई हेडफोन लावून ते ऐकत त्याचं पत्र टाइप करायच्या. पायाखाली एक पेडल असायचं. त्याने आवाज थांबवता यायचा, मागे नेता यायचा. आधी नागपुरात आणि मग इथे, वीस-बावीस वर्षं त्यांनी माणसांचं बोलणं असं पायाने थांबवून थांबवून ऐकलं होतं. समोर हाडामांसाचा माणूस बसला तरी पाय आपलं काम करायचाच.

आम्ही डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला एकाच इमारतीत राहायचो. त्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. सकाळची लोकलगाडी दोघींची एकच, त्यामुळे ओळख झाली आणि वाढली. त्यांचे यजमान प्रमोदराव शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात होते. शुक्रवारी यायचे, रविवारी जायचे. मधले दिवस सुलभाताई एकट्या. कामावर त्यांना सगळे 'मिसेस पी' म्हणत. "पांढरीपांडे म्हणजे काय, ते फोडून सांगायला गेले," त्या म्हणाल्या, "तर एक पोरगी म्हणते, व्हाइट पांडे? म्हटलं, राहू दे बाप्पा, पी म्हण."

बाई भयंकर घाबरट. लिफ्टमध्ये एकट्या कधी चढल्या नाहीत. रस्त्यात कुत्रा दिसला, अगदी साखळीला असला तरी, की चालता चालता माझ्या पलीकडच्या बाजूला जायच्या. घरातून निघताना शेगडी तीनदा बघायच्या आणि जिन्यात मला विचारायच्या, "बंद केली ना गं मी?" जसं काही मी तिथे हजर होते. जूनमध्येसुद्धा जाड कोट, कोटाच्या खिशात दोन चष्मे आणि पर्समध्ये तिसरा.

पण ज्या शब्दांनी आम्ही सगळे टरकायचो त्या शब्दांची त्यांना बिलकूल भीती नव्हती. उलट तसा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा उजळायचा. नागपुरात टायपिंग शिकताना त्यांना सांगितलं गेलं होतं की ही स्पेलिंगं पाठ होत नाहीत, तोडून लक्षात ठेवा. शाळेत संस्कृतच्या समासांचे विग्रह केलेले होतेच. तेच त्यांनी लॅटिन आणि ग्रीक शब्दांना लावलं आणि त्यांना त्याचा नादच लागला. माझ्या आईला चिंचवडला डॉक्टरांनी ऑस्टिओपोरोसिस सांगितला तेव्हा ती फोनवर रडायला लागली होती. मी गाडीत सुलभाताईंना म्हटलं, तर त्या लगेच बोटं मोजायला लागल्या. "ऑस्टिओ म्हणजे हाड. पोर म्हणजे छिद्र. ओसिस म्हणजे अवस्था. झालं. हाडाला छिद्रं पडून राहिली आहेत. आईला सांग, अनारशाला जाळी पडते ना, तशी." मी आईला तसंच सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच होय! मग तो मेला इतकं लांबलचक कशाला बोलला?" आणि त्या दिवसापासून गोळ्या वेळेवर घ्यायला लागली.

"माणूस आजाराला मागाहून घाबरतो गं," सुलभाताई म्हणायच्या. "पहिले शब्दाला घाबरतो. शब्द फोडून दाखवला की निदान तेवढी भीती कमी."

आमची सई तेव्हा सात वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्रजीत. एकदा खेळताना गुडघा फोडून घेऊन आली, तेव्हा सुलभाताई आमच्याकडे चहाला होत्या. त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, कपाटातून कापूस काढून दिला आणि विचारलं, "हे वर गोल हाड आहे, त्याला आपण काय म्हणतो?"

सईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाटी."

"हां. गुडघ्याची वाटी. आणि तुझे डॉक्टर म्हणतात पटेला. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटं ताट, वाटीच म्हण. म्हणजे रोमच्या माणसाला आणि तुझ्या पणजीला गुडघ्यात एकच भांडं दिसलं, बघ." मग त्यांनी आपला चष्मा काढला आणि तोंड सईच्या अगदी जवळ नेलं. "आता माझ्या डोळ्यात बघ. काळ्या भागात. काय दिसतं?"

सई रडायची थांबली होती. "मी. खूप छोटी मी," ती इंग्रजीत म्हणाली.

"म्हणून त्याला इंग्रजीत प्युपिल म्हणतात. छोटी बाहुली. आणि आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली. त्यांनी आपलं पाहून नाही लिहिलं, आपण त्यांचं पाहून नाही. ज्याने त्याने आपल्या माणसाच्या डोळ्यात पाहिलं."

सई म्हणाली, "दॅट्स क्लास!" म्हणजे एकदम भारी, आणि पुढचा आठवडाभर घरात येईल त्याच्या डोळ्यात नाक खुपसून बघत होती.

त्यांचा हा नाद नुसता गमतीचा नव्हता, हे मला एका शुक्रवारी कळलं. त्या दिवशी त्या गाडीत घामाघूम होऊन बसल्या होत्या. पोटविकारांच्या विभागात केरी परगण्याकडचे एक मोठे डॉक्टर होते. त्यांचं बोलणं इतकं वेगात की बाकीच्या टायपिस्ट त्यांची फाइल आली की ती मिसेस पींच्या रांगेत सरकवायच्या. त्यांनी एका बाईंबद्दल बोलून ठेवलं होतं की इलियममध्ये काहीतरी दिसतंय, पुढच्या तपासणीला पाठवा. आता इलियम दोन आहेत. दोन्हींचा उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. एक म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि दुसरं म्हणजे कमरेचं हाड. याच बाईंचं आधीचं पत्र बाहेरच्या कुठल्यातरी एजन्सीने टाइप केलं होतं, आणि त्यात हाड लिहिलेलं होतं.

"पोटाचा डॉक्टर हाडाबद्दल काहून बोलेल?" सुलभाताई मला म्हणाल्या. "आतड्याचा इलियम म्हणजे पिळलेला, वळलेला. ग्रीकमध्ये पीळ देणं. हाडाचा म्हणजे कूस, बाजू. आवाज एक, पण एक बाई या रांगेत उभी राहील नाहीतर त्या रांगेत. मी फोन केला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ग्रँड, ग्रँड, मिसेस पी, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. मी म्हटलं, मला वाटून चालणार नाही डॉक्टर, तुम्ही सांगा." एवढं सांगून त्यांनी कपाळ पुसलं. "मी कधी कोणाला असं बोलले नाही गं. मला वाटलं, आता नोकरी जाते."

डॉक्टरांनी कागद काढून पाहिले. त्या बाईंना खरोखरच हाडांच्या विभागाची तारीख मिळालेली होती आणि त्या तिची वाट बघत घरी बसल्या होत्या. ती तारीख त्याच दुपारी बदलली गेली. सोमवारी ते डॉक्टर स्वतः तळघरातल्या टायपिंगच्या खोलीत बिस्किटांचा पुडा घेऊन आले, आणि मिसेस पी कोण म्हणून विचारू लागले. बिस्किटं सगळ्यांनी खाल्ली. सुलभाताई एकही खाऊ शकल्या नाहीत, म्हणाल्या घास उतरला नसता.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींना त्यांचं काम माहीत होतं, त्यामुळे गणपतीत, हळदीकुंकवाला कोणी ना कोणी कागद घेऊन त्यांना कोपऱ्यात गाठायचंच. त्या कागदावर बोट ठेवून शब्द फोडून द्यायच्या. पण "म्हणजे काळजीचं आहे का हो?" असं विचारलं की ताबडतोब कागदाची घडी घालून परत करायच्या. "मी शब्दाचा अर्थ सांगते. तुमच्या तब्येतीचा अर्थ डॉक्टर सांगतील." काही जणांना हा त्यांचा ताठा वाटायचा. खरं सांगायचं तर मलाही वाटायचा.

मग निखिलचं झालं. निखिल माझा नवरा. हिवाळ्यात त्याला खोकला लागला आणि मार्च आला तरी गेला नाही. वजन उतरलं. एका सकाळी दाढी करताना त्याला मानेला, कॉलरच्या हाडापाशी, गाठ लागली. जीपींनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, छातीचा फोटो काढायला लावला आणि फोटो पाहून तातडीचं पत्र देऊन सुलभाताईंच्याच रुग्णालयात पाठवलं. तिथे मानेच्या गाठीचा तुकडा काढला. निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर डॉक्टर पुढची वेळ देतील, असं सांगितलं.

तुकडा काढला त्या दिवशी सुलभाताई आमच्याकडे खिचडी घेऊन आल्या. निखिलच्या समोर बसून त्याची वाटेल ती बडबड ऐकली. त्याने विचारलं, "बायॉप्सी म्हणजे काय हो?" त्या म्हणाल्या, "बायॉस म्हणजे जीव. ऑप्सिस म्हणजे बघणं. जिवंत असताना बघणं." मग म्हणाल्या, "मेल्यावर बघतात त्याला दुसरा शब्द आहे. आपला हा आहे." निखिल कितीतरी दिवसांनी हसला.

पुढचा आठवडा त्या रोज माझ्याबरोबर गाडीत होत्या. नंतरच्या मंगळवारी प्लॅटफॉर्मवर दिसल्या नाहीत. बुधवारी दिसल्या, पण पार शेवटच्या डब्यापाशी. मी हात केला. त्यांनी पाहिलं, मान खाली घातली आणि डब्यात चढल्या. मला वाटलं, चष्मा बदलायचा राहिला असेल. गुरुवारी मी मुद्दाम त्यांच्या दारात गेले. दार साखळीपुरतं उघडलं.

"सुलभाताई, बरं नाही का?"

"आहे, आहे. मला उशीर होऊन राहिला आहे, मानसी. तू हो पुढे."

दार लागलं. मी जिन्यातच उभी राहिले. ही बाई छातीच्या विभागाचीही पत्रं टाइप करते. हिला कळलंय.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. ऑफिसात स्क्रीनसमोर बसायचे आणि सुलभाताईंची खाली घातलेली मान दिसायची. घरी आले की निखिलसमोर नॉर्मल असल्याचं दाखवायचे. त्यांच्या दाराखालून उजेड दिसायचा, आत भांड्यांचा आवाज यायचा, पण मी दार वाजवलं की आवाज थांबायचा. एक दिवस त्यांना जिन्यातून येताना मी वरून पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं आणि त्या, ज्या कधी लिफ्टमध्ये एकट्या पाऊल टाकत नसत, त्या मागे वळून लिफ्टमध्ये शिरल्या. माझ्यासमोर येण्यापेक्षा जर त्यांना लिफ्ट बरी वाटते, तर काय ऐकलं असेल त्यांनी?

निखिलच्याही लक्षात आलं होतं. एकदा तो भाजी चिरता चिरता म्हणाला, "सुलभाताई तुला काही बोलल्या?"

"नाही."

"मग हल्ली येत का नाहीत?"

"काम असेल त्यांना."

तो चिरत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "सईच्या शाळेच्या फॉर्मवर तुझा नंबर पहिला टाक. माझा नको." मी फॉर्म शोधायला उठले. त्याने मान वर केली नाही.

पत्र शुक्रवारी संध्याकाळी हातात पडलं. डॉक्टरांची वेळ पुढच्या बुधवारची होती, पण जीपींना पाठवलेल्या पत्राची प्रत आधी घरी आली. निखिलने सोफ्यावर बसून पाकीट फोडलं, अर्धं वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मी उभ्यानेच वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदात 'ग्रॅन्युलोमा' असा शब्द होता. त्याचा शेवटचा 'ओमा' मला दिसला आणि पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. लिम्फोमा, कार्सिनोमा, ओमा म्हणजे गाठ, हे सगळं मी गाडीत बसून सुलभाताईंकडूनच शिकले होते. मी पत्र घेऊन चपलाही न घालता खाली धावले आणि त्यांचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

त्यांनी दार उघडलं. या वेळी साखळी नव्हती. माझ्या हातातलं पत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"फोडा हा शब्द," मी म्हणाले. मला वाटतं मी ओरडलेच. "आता तरी फोडा!"

"वर चल," त्या म्हणाल्या. "पत्र त्याचं आहे. त्याच्यासमोर वाचते."

वर येऊन त्यांनी निखिलला विचारलं, "वाचू का रे मी?" तो म्हणाला, "वाचा." त्या खुर्चीत बसल्या, चष्मा बदलला आणि वाचायला लागल्या. टेबलाखाली त्यांचा पाय दाबला जात होता, सुटत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालं. परत पहिल्यापासून वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि निखिल म्हणाला, "ठीक आहे सुलभाताई. सांगा."

"अरे नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "थांब. मी नीट सांगते." कोटाच्या बाहीने डोळे पुसून त्यांनी पत्र टेबलावर पसरलं. "ग्रॅन्युलोमा. ग्रॅन्युलम म्हणजे दाणा, बारीक कण. ओमा म्हणजे गाठ, सूज. दाण्याएवढी गाठ. सगळे ओमा वाईट नसतात. पुढे बघ, नॉन-केसिएटिंग. केसियस म्हणजे चीज. क्षयाच्या गाठीचा आतला भाग चीजसारखा भुसभुशीत होतो. इथे तसा झालेला नाही, असं म्हणून राहिले आहेत. आणि हा मोठा शब्द, सार्कॉइडोसिस. सार्क म्हणजे मांस. ओइड म्हणजे सारखं. त्या गोष्टीसारखं दिसतं, पण ती गोष्ट नव्हे."

मग त्यांनी बोट शेवटच्या परिच्छेदावर नेलं. "आणि हे वाक्य तुम्ही दोघांनीही वाचलंच नाही."

तिथे लिहिलं होतं की कर्करोगाचं कोणतंही लक्षण तुकड्यात आढळलेलं नाही.

निखिल तोंडावर दोन्ही हात धरून बसून राहिला. मी विचारलं, "म्हणजे हा बरा होईल?"

सुलभाताईंनी पत्राची घडी घातली. "ते बुधवारी डॉक्टर सांगतील."

तेव्हा माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं! पंधरा दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि एक शब्द बोलला नाहीत. नुसतं 'घाबरू नकोस' म्हटलं असतंत तरी चाललं असतं. तोंड लपवून फिरलात!"

"मला काही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मग पळत का होतात?"

मग त्यांनी सांगितलं. सोमवारी त्यांच्या रांगेत फाइल आली, उघडली, आणि पडद्यावर निखिलचं नाव दिसलं. ओळखीच्या माणसाची फाइल ऐकायची नाही असा नियम आहे. त्यांनी ती थांबवली आणि शेजारच्या टेबलावरच्या बर्नीला दिली. पण थांबवेपर्यंत आवाज सुरू झाला होता.

"डॉक्टर बोलायच्या आधी श्वास घेतात गं. मी वीस वर्षं ऐकून राहिले आहे. चांगली बातमी असली की श्वास ऐकूच येत नाही, एकदम बोलायलाच लागतात. वाईट असली की आधी लांब श्वास. निखिलच्या फाइलचा श्वास मी ऐकला, आणि तो लांब होता. पुढचा शब्द मी नाही ऐकला. तेवढ्यावरून मला वाटलं..." त्यांनी पत्राची घडी परत नीट केली. "बर्नीला विचारता येत नव्हतं. आणि तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस तर तुला दिसलं असतं. मला तोंड लपवता येत नाही, म्हणून मीच लपले."

"मग तो श्वास?" निखिलने विचारलं.

"काय माहीत रे. जिना चढून आले असतील."

निखिल हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकता खोकता तो रडला. सुलभाताई उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. दारात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मी मागे एकदा एकीला सांगितलं होतं, पक्का निकाल यायच्या आधी." नागपुरात लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायच्या. त्यांच्या खालच्या मजल्यावर शोभा नावाची त्यांच्याच वयाची बाई राहायची. तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा त्याच लॅबमध्ये आला. पहिला, कच्चा रिपोर्ट सुलभाताईंनीच टाइप केला. त्यात 'बिनाईन' लिहिलं होतं. त्या दिवशी जिन्यात शोभाने त्यांचा हात धरला, म्हणाली, सांग ना गं, मला झोप नाही. सुलभाताईंनी सांगितलं. शब्द फोडूनसुद्धा सांगितला, की बिनाईन म्हणजे चांगल्या कुळातलं, भल्या घरचं. शोभाने त्यांना मिठी मारली. मग ती रिपोर्ट न्यायला गेलीच नाही. इकडे डॉक्टरांनी तिच्या तुकड्याची काच दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे मत घ्यायला पाठवली, आणि पक्का रिपोर्ट उलटा आला. तो दोन महिने लॅबच्या खणात पडून राहिला. सुलभाताई तेव्हा माहेरी गेलेल्या होत्या.

"डॉक्टर मला म्हणाले, दोन महिन्यांनी फारसा फरक पडला नसता. फारसा, म्हणाले." त्यांनी दाराची साखळी हातात धरली होती आणि ती उगाच ओढत होत्या. "ती दीड वर्ष होती. मला काही बोलली नाही कधी. भेटली की हसायची. जा आता, निखिल एकटा आहे वर."

बुधवारी डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार काही जणांत आपोआप ओसरतो, काहींना औषध लागतं. निखिलला काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, त्याचं तोंड सुजल्यासारखं गोल झालं, चिडचिड वाढली आणि मग हळूहळू खोकला गेला. अजून वर्षातून एकदा तपासणी असते. सुलभाताई पुन्हा माझ्या डब्यात बसायला लागल्या. पण पूर्वीसारखं सगळं झालं असं म्हणता येणार नाही. कधी बोलता बोलता त्या गप्प झाल्या की माझ्या मनात धस्स व्हायचं, आणि ते त्यांना कळायचं. मग त्या घाईघाईने म्हणायच्या, "काही नाही गं, शेगडीचं आठवलं."

पुढच्या वर्षी त्यांच्या रुग्णालयात डॉक्टर बोलतील तसं आपोआप टाइप करणारी सोय आली. टायपिस्टना सांगितलं, आता तुम्ही फक्त तपासा. सुलभाताईंनी सहा महिने तपासलं. मी विचारलं, कसं करतं ते मशीन? त्या म्हणाल्या, "चांगलं करतं. माझ्याहून किती भरभर. पण ते घाबरत नाही गं. इलियम आला की पुढे निघून जातं. घाबरल्याशिवाय माणूस मागे वळून बघेल कसा?" जागा कमी व्हायला लागल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून सोडायचं ठरवलं आणि प्रमोदरावांकडे शॅननला राहायला गेल्या. मला वाटलं, आता बाई घरात बसून कुढणार. दोन महिन्यांनी फोन आला. शॅननपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात जीपींच्या दवाखान्यात त्यांनी रिसेप्शनची नोकरी धरली होती.

"तुम्ही? काउंटरवर?" मी विचारलं. "लोकांच्या समोर?"

"हो ना. वीस वर्षं नुसते आवाज ऐकले. एवढ्या लोकांचं सगळं आतलं मला माहीत, आणि एकाचंही तोंड पाहिलं नाही. तुमच्या घरी त्या दिवशी पहिल्यांदा मी पत्र लिहिलेल्या जागी नाही, पत्र पोचलेल्या जागी बसले. म्हटलं, आता हेच करू." मग म्हणाल्या, "पहिले आठ दिवस रोज उलटी झाली सकाळी. आता नाही होत."

मागच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही तिघं त्यांच्याकडे एक दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कामावर जायचं होतं. त्या खेड्याला बस वेळेवर नव्हती, म्हणून चोपन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकत होत्या. एकदा परीक्षेत नापास झाल्या होत्या. गाडीला पुढे-मागे शिकाऊ चालकाचा लाल एल लावलेला, शेजारी प्रमोदराव, आणि त्या पाठ सरळ करून, दोन्ही हातांनी चाक आवळून, काच बंद करून बसलेल्या. बाहेर खाडीवरचं वारं इतकं होतं की सईची टोपी उडाली. आम्ही फाटकाशी उभं राहून हात हलवत होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आरशात पाहिलं, दुसऱ्या आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, आणि गाडी निघाली.

रस्त्याच्या टोकाला राउंडअबाउट, म्हणजे मोठा गोल चौक होता. त्या त्यात शिरल्या आणि त्यांना बाहेर पडता येईना. एक फेरी झाली. आमच्या बाजूला आल्या तेव्हा सई ओरडली, "गो ऑन, सुलभामावशी!" दुसऱ्या फेरीला प्रमोदराव आमच्याकडे बघून हसले. सुलभाताईंची नजर समोर, ओठ हलत होते. बहुधा मोजत होत्या, किंवा देवाचं नाव घेत असतील. तिसऱ्या फेरीला एका दुधाच्या टँकरवाल्याने आपली गाडी थांबवली, खिडकीतून हात बाहेर काढून या म्हणून खूण केली, आणि त्या बाहेर पडून खेड्याच्या रस्त्याला लागल्या. त्यांच्यामागे तो टँकर, त्याच्यामागे चार मोटारी, एक ट्रॅक्टर. सगळे त्यांच्याच वेगाने, सायकल जाईल इतक्या हळू, टेकाडापर्यंत गेले. कोणीही हॉर्न वाजवला नाही.